गावच्या मंडळाने परदेशी माणसांशी मैत्री आणि मदतीचे काम कुठून सुरू करावे?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका मंडळाच्या सचिव ताईंनी विचारले आहे : मंडळ नोंदणीकृत आहे, तीसेक मुले-मुली आहेत, आतापर्यंत रक्तदान शिबिरे, वृक्षारोपण, भजनस्पर्धा एवढे झाले. आता परदेशी लोकांशी मैत्री वाढवायची आहे, आणि जगात कुठे भूकंप, पूर, युद्ध झाले तर तिथे मदतही पाठवायची आहे. त्यांच्या मनात तीन गोष्टी आहेत. घरोघरी फिरून कपडे-धान्य गोळा करून पाठवावे, किनाऱ्यावर येणाऱ्या विदेशी पाहुण्यांना बालवाडीत इंग्रजी शिकवायला बोलवावे, आणि त्यांच्याकडून मंडळासाठी निधी मिळवावा. यातले आधी काय करू, असे त्या विचारतात.

ताई, मी पेडणे तालुक्यात पंचवीसेक वर्षे हेच काम करतो आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. कपड्यांची कल्पना सोडून द्या. बालवाडीची तर अजिबात करू नका. निधीचे वाटते तितके सरळ नाही. हे वाचून हिरमुसू मात्र नका. तुमची इच्छा खरी आहे आणि या कामाला गोव्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करा.

ते टोक म्हणजे आपला उंबरठा. इतर ठिकाणच्या मंडळांना परदेशी माणूस शोधत जावे लागते. आपल्याकडे तो ऑक्टोबर ते मार्च शेजारच्या खोलीत भाड्याने राहतो. मुरगाव बंदरात देशोदेशीचे खलाशी येतात. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आणि बंगल्यांच्या फाटकांवर नेपाळची मुले बारा महिने आहेत. आणि आपली माणसे? कोणी तारवटी म्हणून बोटीवर, कोणी आखातात, कोणी इंग्लंडला स्विंडनमध्ये. ज्याच्या घरचे कोणी परमुलखात आहे त्याला परकेपणा समजावून सांगावा लागत नाही.

मला तो माझ्या आतेभावाने सांगितला. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतचा ताबा घेतला तेव्हा तो तिथे फिटर होता. इराक ओलांडून तो जॉर्डनच्या सरहद्दीवर पोचला आणि वाळवंटातल्या छावणीत कित्येक दिवस राहिला. पुढे अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आला. त्या दोन महिन्यांत लाखाहून अधिक भारतीय असे परतले. पण तो विमानाची गोष्ट कधी सांगत नाही. तो सांगतो एका म्हाताऱ्या जॉर्डनी ड्रायव्हरची. हा माणूस रोज सकाळी स्वतःच्या गाडीतून खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणि कांदे घेऊन यायचा, वाटायचा, आणि मग एका वहीत प्रत्येकाच्या घरचा पत्ता लिहून घ्यायचा. काही आठवड्यांनी आमच्या आत्याला टपालाने एक कार्ड आले. मोडक्या इंग्रजीत तीन शब्द, मुलगा सुखरूप आहे, आणि खाली अरबीत सही. तोवर मुलगा घरी येऊनही चार दिवस झाले होते. आत्याने ते कार्ड शेवटपर्यंत देवघरात ठेवले.

त्या ड्रायव्हरला कोणत्या संस्थेने पाठवले नव्हते. त्याला कळले ते इतकेच की भाकरी तर लागेलच, पण या माणसाच्या जिवाला घोर लागला आहे तो आईचा. तुमच्या मंडळाने काय करावे याचे उत्तर मी अजूनही त्या कार्डापासून मोजतो.

आता प्रत्यक्ष काम. तुम्ही रक्तदान शिबिरे घेता हे वाचून मला फार बरे वाटले, कारण तुमची अर्धी तयारी झालेली आहे आणि ती तुमच्या ध्यानात आलेली नाही. भारतीयांमध्ये आरएच निगेटिव्ह रक्त शंभरात साधारण पाच जणांचे असते. युरोपातल्या लोकांमध्ये ते पंधराच्या आसपास असते. म्हणजे भाड्याच्या दुचाकीवरून पडलेला विदेशी पाहुणा गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, आला तर त्याला निगेटिव्ह रक्त लागण्याची शक्यता आपल्या माणसापेक्षा जास्त, आणि आपल्याकडे ते देणारे कमी. तुमच्या शिबिरांच्या जुन्या नोंदी काढा. त्यातून फक्त निगेटिव्ह गटांची वेगळी यादी करा : नाव, फोन, शेवटचे रक्तदान कधी. पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचे आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर लागते, म्हणून ती तारीख महत्त्वाची. ही यादी रक्तपेढीकडे देऊन ठेवा. तीस जणांच्या मंडळाच्या ओळखीपाळखीत अशी पंधरा-वीस नावे सहज निघतात.

आमच्याकडे तेवीस नावे होती तेव्हाची गोष्ट. जानेवारीतली रात्र, मोरजीच्या उतारावर पोलंडचा एक मुलगा स्कूटरसकट गडग्यावर आदळला. ओ निगेटिव्ह. धारगळची एक प्राथमिक शिक्षिका आणि तिचा दीर, दोघेही यादीतले, रात्री अकराला बांबोळीला निघाले. तिसऱ्या दिवशी मुलाची आई येऊन पोचली. तिला वाटले रक्ताचे पैसे द्यायचे असतात, म्हणून ती पर्स उघडून त्या शिक्षिकेसमोर उभी राहिली. शिक्षिकेने पर्स मिटली, तिला कँटीनमध्ये नेऊन चहा-पाव खाऊ घातला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मुलगा महिन्याने बरा होऊन गेला. आईने घरी गेल्यावर रक्तदाता म्हणून नाव नोंदवले. तिकडे रक्तदात्याला पुस्तिका असते, तिचा फोटो ती दर वर्षी नाताळात पाठवते. गेल्या खेपेच्या फोटोत मी शिक्के मोजले, एकोणीस होते. कोणा अनोळखी माणसासाठी तिकडे दिलेले ते रक्त मी आमच्याच कामात धरतो.

ताई, मला तुम्हाला सगळ्यात जास्त काय सांगायचे असेल तर हेच. मैत्रीत देणे जसे असते तसे घेणेही असावे लागते. जे मंडळ फक्त देत राहते ते दाता होते, आणि दात्याशी कोणी मनातले बोलत नाही. समोरच्याकडे आपल्याला देण्यासारखे काय आहे ते पहिल्या दिवसापासून शोधा, आणि त्याने दिले तर संकोच न करता घ्या.

२०२० च्या मार्चमध्ये हे आम्हाला नीट उमगले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू गोव्यात लांबला आणि त्यालाच देशभरचा लॉकडाऊन जोडला गेला. पहिले काही दिवस किराण्याची दुकानेसुद्धा बंद होती. हरमल, मांद्रे, मोरजी भागात शेकडो विदेशी पाहुणे अडकले. विमाने बंद, शॅक बंद, खोलीत गॅस नाही. पुढे त्यांच्या त्यांच्या दूतावासांनी दाबोळीहून खास विमाने सोडली, पण मधले दिवस गावानेच काढले. आम्ही पंचायतीकडून पास घेऊन तांदूळ, डाळ, बटाटे पोचवत होतो, आणि दोन दिवसांत कळले की शिध्याहून मोठी अडचण औषधांची आहे.

एका रशियन बाईने रिकामे पाकीट हातात दिले. अक्षरे त्यांच्या लिपीतली. म्हापशाचे दोन औषधवाले पाकीट पाहून परत देऊन मोकळे झाले. तिसऱ्याने चष्मा चढवून कडेचे बारीक अक्षर वाचायला सांगितले, आमच्यातल्या मुलीने त्या बाईला फोन लावून ते अक्षर अक्षर वदवून घेतले, आणि निघाले लेव्होथायरॉक्सिन, ७५ मायक्रोग्रॅम. आपल्या गावात घरटी कोणी ना कोणी घेते ती थायरॉइडची गोळी. तेव्हापासून आमचा नियम आहे : औषधाचे कंपनीचे नाव विचारायचे नाही, आतल्या घटकाचे विचारायचे. कंपनीचे नाव देशागणिक बदलते, घटकाचे बदलत नाही. आणि डोस आपण ठरवायचा नाही. जुनी चिठ्ठी किंवा पाकीट डॉक्टरांना दाखवायचे, त्यांनी लिहून दिले तरच आणायचे.

त्याच बाई पंधरा दिवसांनी म्हणाल्या, मी तीस वर्षे कपडे शिवले आहेत, मला मशीन द्या. मांद्र्याच्या एका शिंप्याने आपले मशीन ओसरीवर आणून ठेवले. गावातल्या बायकांनी जुन्या सुती साड्या दिल्या. त्या रशियन बाईंनी दोनशेवर मास्क शिवले आणि आमच्या प्रभागातल्या घराघरांत ते वाटले गेले. एक म्हातारे गृहस्थ, जे आधी 'या फिरंग्यांमुळे रोग आला' म्हणत होते, तेच मास्क लावून दुधाच्या रांगेत उभे असलेले मी पाहिले. मी त्यांना काही बोललो नाही, तेही मला काही बोलले नाहीत.

भाषेची मदत हे तुमच्या मुलांना ताबडतोब जमण्यासारखे दुसरे काम. सगळी भाषा यावी लागत नाही. 'कुठे दुखते', 'कधीपासून', 'ॲलर्जी आहे का', 'घरी कोणाला कळवू' एवढी पन्नासेक वाक्ये रशियन, हिब्रू, जर्मन, नेपाळीत लिहून, उच्चार देवनागरीत मांडून, खिशात ठेवता येतील एवढी कार्डे करा. ती त्या भाषा बोलणाऱ्या पाहुण्यांकडूनच तपासून घ्या. ओळख होण्याचे याहून चांगले निमित्त नाही. जुन्या माणसांनाही विसरू नका. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया क्रीडास्पर्धा झाल्या, पोर्तुगीज भाषेच्या देशांच्या. मोझांबिक, अंगोला, पूर्व तिमोर अशा देशांतून खेळाडू आले होते आणि स्वयंसेवकांत पोर्तुगीज येणारी मुले थोडी. मी माझ्या सासऱ्यांना नेले. वय शहात्तर, फोंड्याचे, पोर्तुगीज अमदानीत 'सेगुंद ग्राव'पर्यंत पोर्तुगीज शाळा शिकलेले. पन्नास वर्षांत ती भाषा कोणाशी बोलले नव्हते. एका मुलीचे पोट बिघडले होते आणि ती सारखे 'कांजा, कांजा' म्हणत होती. स्वयंपाकघरात कोणाला कळेना. सासरे म्हणाले, अरे, ती पेज मागते आहे. आपलीच कांजी पोर्तुगिजांबरोबर समुद्र ओलांडून गेली, तिकडे कोंबडीची होऊन 'कांजा' झाली. त्या संध्याकाळी तिच्याकडे उकड्या तांदळाची पेज आणि तोंडी लावायला मीठ घातलेली कैरी गेली. तिने ती खाल्ली आणि सासऱ्यांना 'आव्हो' म्हणाली, म्हणजे आजोबा.

आता कपड्यांकडे येतो. हे आमच्या हातून झालेले आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला, ७.८ तीव्रतेचा, जवळजवळ नऊ हजार माणसे गेली. आम्ही त्याच संध्याकाळी बैठक घेतली. आठ दिवसांत चाळीस पोती कपडे जमले. देवळाच्या अग्रशाळेत रचून ठेवले. मग चौकशी सुरू केली तेव्हा कळले की ट्रकचे भाडेच कपड्यांच्या किमतीहून जास्त, सरहद्दीवर कागदपत्रे, आणि तिकडे वाटणार कोण याचा पत्ता नाही. आपल्या साड्या, मुलांचे युनिफॉर्म, लग्नातले कोट त्या डोंगरातल्या माणसाच्या काय उपयोगाचे, हे कोणी विचारलेही नव्हते. जूनमध्ये पाऊस लागला आणि पोत्यांना बुरशी धरली.

त्या आठवडाभर कळंगुटच्या एका रेस्टॉरंटात सिंधुपाल्चोकची सहा मुले भांडी घासत होती. सिंधुपाल्चोक हा सर्वांत जास्त माणसे गमावलेला जिल्हा. त्यांना विचारायला आम्ही नवव्या दिवशी गेलो. त्यांनी एका मिनिटात सांगितले. एक, फोनला बॅलन्स हवा, घरी लागेपर्यंत लावत राहायला. दोन, मालकाने हंगामाचा राहिलेला पगार आजच द्यावा. तीन, घरी जायला तिकिटे. चार, घरच्यांना पैसे, पत्रे घ्यायला. पत्रे म्हणजे जस्ताचे पत्रे. पावसाळा तोंडावर होता आणि घरे पडली होती. दोन बांबू आणि आठ पत्रे असले की कुटुंब पावसात तगते. कपड्यांचे कोणी नाव काढले नाही.

मालकाशी बोलणे अवघड गेले, पण झाले. तिघांना वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने झाशीपर्यंत, तिथून गोरखपूर आणि सुनौलीची सरहद्द असे तिकीट काढून दिले. उरलेल्यांनी पैसे पाठवले ते बँकेतून. भारतातून नेपाळला पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची इंडो-नेपाळ रेमिटन्स सुविधा २००८ पासून आहे. तेव्हा एका वेळी ५० हजारांची मर्यादा होती, २०२१ मध्ये ती दोन लाख झाली. खाते नसलेला माणूसही रोख भरून पाठवू शकत होता. हे त्या मुलांना माहीत नव्हते आणि आम्हालाही नव्हते. ते दलालाकडून पाठवायचे आणि तो मधले कापून घ्यायचा. ती एक माहिती आमच्या चाळीस पोत्यांपेक्षा जास्त कामाला आली. आज साखळीच्या बाजारात जी नेपाळी मुले दिसतात त्यांच्याशी तुमची ओळख आहे का? नसेल तर काम तिथून सुरू करा. तिहारला, म्हणजे त्यांच्या दिवाळीला, त्यांच्याकडे जा, चतुर्थीला त्यांना घरी बोलवा. भूकंप झाल्यावर ओळख करायला गेले तर नवव्या दिवशी पोचतो.

दूरच्या देशासाठी, जिथे आपल्या ओळखीचे कोणी नाही, तिथे वस्तू पाठवू नका आणि स्वतःही धावू नका. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा भारताने 'ऑपरेशन दोस्त' नावाने एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पथके आणि लष्कराचे फील्ड हॉस्पिटल पाठवले, ते इस्केंदेरून शहरात उभे राहिले. ते शिकलेल्या माणसांचे काम. ढिगाऱ्यातून जिवंत निघणाऱ्यांतले बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पहिल्या काही तासांतच काढलेले असतात. परदेशातून गेलेला हौशी माणूस तिथे फक्त एक जास्तीचे तोंड ठरतो. आपण पैसे पाठवावेत. रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंटची राष्ट्रीय संस्था १९० हून अधिक देशांत आहे, आणि ती त्या त्या गावच्या स्वयंसेवकांवर चालते. उदारीकृत प्रेषण योजनेखाली कोणाही भारतीय रहिवाशाला स्वतःच्या बँक खात्यातून आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, त्यात देणगी बसते. प्रत्येकाने आपापल्या नावाने पाठवावे. मंडळाच्या खात्यात गोळा करून मंडळाने परदेशी पाठवणे यात आयकराच्या आणि परकीय चलनाच्या अडचणी आहेत. सीएला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

मग आपण जायचेच नाही का? जायचे, पण बोलावल्यावर आणि राहण्याच्या तयारीने. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत आहेत, पण दोन गोष्टी बहुधा नजरेतून सुटतात. एक, ते मनात आले म्हणून गेले नाहीत. जपानशी लढणाऱ्या चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले होते, म्हणून १९३८ साली काँग्रेसने अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी असे पाच डॉक्टर पाठवले. दुसरी, कोटणीस तिथली भाषा शिकले, तिथे रुग्णालय चालवले, तिथल्याच गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केले, आणि मुलाचे नाव ठेवले यिन्हुआ, भारत आणि चीन या दोन्ही नावांतले एकेक अक्षर घेऊन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. उलट दिशेनेही असेच झाले आहे. पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनियर. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये त्याने फ्रान्समध्ये व्हर्दूनजवळ एका उद्ध्वस्त गावात वेगवेगळ्या देशांच्या स्वयंसेवकांना एकत्र आणून घरे बांधायला घेतली, त्यात कालपरवापर्यंत शत्रू असलेल्या देशाचेही लोक होते. हाच माणूस १९३४ च्या बिहार भूकंपानंतर इथे आला आणि गावकऱ्यांबरोबर माती वाहिली. त्याने स्थापलेली सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल आजही कार्यशिबिरे भरवते. तुमच्यातल्या कोणाला खरोखर परदेशात जाऊन काम करायचे असेल तर अशा शिबिरात दोन-तीन आठवडे जावे. तिथे पैसे मिळत नाहीत, हाताला घट्टे पडतात.

बालवाडीबद्दल मी कठोर बोललो त्याचे कारण ऐका. १९९१ मध्ये मडगावात एका माणसाने चालवलेल्या मुलांच्या आश्रयस्थानाचे प्रकरण बाहेर आले. वर्षानुवर्षे तो गरीब मुलांचा कैवारी म्हणून वावरला होता आणि आत मुलांवर अत्याचार चालू होते. १९९६ मध्ये त्याला शिक्षा झाली. लोकांना संशय का आला नाही? कारण तो 'सेवा' करत होता. त्या आणि तशा अनुभवांतून २००३ चा गोवा बाल कायदा आला. तुमच्याकडे येणारे शंभरातले नव्याण्णव पाहुणे सज्जन असतील. पण दोन आठवड्यांसाठी आलेल्या, पार्श्वभूमी माहीत नसलेल्या माणसाला, मग तो देशी असो वा विदेशी, मुलांमध्ये सोडायचे नाही. आणि सज्जन असला तरी मुलांना काय मिळते? दर महिन्याला एक नवा काका येतो, जीव लावतो आणि निघून जातो. मुलांचे त्याच्या कडेवरचे फोटो तेवढे जगभर फिरतात.

मैत्री घडवायचीच असेल तर मोठ्यांच्या कामात पाहुण्यांना घ्या. शिगम्याच्या रोमटाच्या, म्हणजे मिरवणुकीच्या, वेळी पाण्याचे टेबल सांभाळायला, जत्रेनंतर पत्रावळी गोळा करायला, बांधावरचा कचरा काढायला. मुलांसाठी पत्रमैत्री करा, शाळेमार्फत, शिक्षकांच्या नजरेखाली, वर्गाची वर्गाशी. आमच्या एका शाळेतल्या पाचवीने पोर्तुगालमधल्या वर्गाला लिहिले, तुमच्याकडे पाऊस किती महिने पडतो? पलीकडून उत्तराबरोबर वाळलेली ऑलिव्हची फांदी आली. इथून आंब्याचे पान गेले.

निधीचे नियम कंटाळवाणे आहेत, पण चुकलात तर मंडळ बंद पडेल, म्हणून एकदा नीट वाचा. परदेशी देणगी नियमन कायदा, २०१० प्रमाणे नोंदणी किंवा सरकारची आगाऊ परवानगी नसताना कोणत्याही संस्थेला विदेशी माणसाकडून देणगी घेता येत नाही. त्याने इथे बसून रुपयांत दिली तरीही ती परदेशी देणगीच. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे चालू असावी लागते आणि आधीच्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर पंधरा लाख खर्च केलेले असावे लागतात. नोंदणी मिळाली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, आणि ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत. याला जोडून आपल्या गोव्याची एक खास अडचण आहे. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या तुमच्या मामांनी बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले तर ती परदेशी देणगी होत नाही. पण पोर्तुगीज पासपोर्ट केलेले, स्विंडनला राहणारे तुमचे काका कायद्याने विदेशी. परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड असले तरी. आपल्याच वाड्यावरचा माणूस, देवळाच्या उत्सवाला न चुकता येणारा, आणि त्याने मंडळाच्या पेटीत टाकलेले दहा हजार अडचणीत आणू शकतात. हे त्याला आधीच समजावून सांगा. तो दुखावतो, पण समजतो.

जुलै २०२१ मध्ये म्हादई आणि तिच्या उपनद्यांना पूर आला, तुमच्या डिचोली-सत्तरीतली घरे गेली, तेव्हा त्याच रशियन बाईंचा आणि पोलंडच्या आईचाही फोन आला, किती पाठवू? आम्ही नाही म्हणालो आणि परदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्था कोणत्या ते गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहून सांगितले. पैसे आमच्याकडे आले नाहीत, पण पुरात बुडालेल्या माणसाला हाक देणारे कोणी आहे हे गावाला कळले. आम्ही दोघींचे निरोप भजनाच्या वेळी वाचून दाखवले.

पाहुणा घरी राहणार असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते, हॉटेलाप्रमाणे घरमालकालाही हे लागू आहे. आणि पर्यटक व्हिसावर विदेशी माणसाला जास्तीत जास्त एक महिना, तेही कसलाही मोबदला न घेता, स्वयंसेवा करता येते. त्यात जेवण-राहणे मोबदला म्हणून देणेही टाळा. महिन्याहून जास्त काम असेल तर वेगळा व्हिसा लागतो.

आणखी एक. मदतीच्या वेळी कोणाचा देश, धर्म, युद्धातली बाजू विचारायची नाही, हे मुलांना सुरुवातीलाच सांगा. दोन देशांचे युद्ध चालू असताना दोन्हीकडची माणसे हरमलच्या एकाच गल्लीत राहताना मी पाहिली आहेत. आमच्या एका स्वयंसेवकाने एकाला टोमणा मारला, त्या दिवसापासून त्याला आम्ही औषधांच्या फेरीवर पाठवणे थांबवले. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर कास्तिल्योने गावच्या बायका 'सगळे भाऊच' म्हणत दोन्ही सैन्यांच्या जखमींना पाणी पाजत होत्या. आँरी द्युनाँ या स्विस व्यापाऱ्याने ते पाहिले आणि त्यातून पुढे रेड क्रॉस उभी राहिली. त्या बायकाही तुमच्या मंडळासारख्या गावच्याच होत्या.

तर येत्या दोन महिन्यांत इतके करा. रेड क्रॉसच्या गोवा शाखेकडे प्रथमोपचाराच्या वर्गाची चौकशी करून निदान दहा जणांना शिकवून घ्या. निगेटिव्ह रक्ताची यादी पुरी करा. बाजारातल्या नेपाळी मुलांकडे जाऊन चहा प्या, कामाचे काही न बोलता. एक जाड रजिस्टर घाला : कोणी काय मागितले, आपण काय दिले, त्याने आपल्याला काय दिले, असे तीन रकाने. तिसरा रकाना रिकामा राहत असेल तर बैठकीत त्यावर बोला. परक्या माणसाकडे कधीही एकट्याला पाठवू नका, दोघे जा, त्यात शक्यतो एक मुलगी.

हे सगळे सप्टेंबरअखेर तयार ठेवा. ऑक्टोबरात पहिली चार्टर विमाने उतरली की बांबोळीहून फोन यायला फार दिवस लागत नाहीत, आणि तो बहुधा रात्रीच येतो.